सिॲटलची नभोवाणी आणि डोरोथी बुलिट



‘नभोवाणी-केंद्राचा मालक’ हे शब्द आपल्या कानांना काहीसे अपरिचित वाटतील. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले तेव्हा ते एका खाजगी कंपनीचे होते. परंतु ती कंपनी तीन वर्षांच्या आतच डबघाईस आली, १९३० साली तिचा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला, आणि पुढे कित्येक दशके नभोवाणी म्हणजे सरकारी खाते अशीच आपली समजूत राहिली. अमेरिकेत आरंभापासून निराळा प्रघात पडला. एखाद्याने छापखाना घालावा किंवा पेढी उघडावी, तसे तेथे भांडवल जमवून केंद्र काढता येत असे. मात्र सरकारचा परवाना घ्यावा लागे. १९२७ च्या आणि पुन्हा १९३४ च्या कायद्याने ह्या परवान्यास एक कसोटी लावून दिली: केंद्राने सार्वजनिक हित, सोय व गरज ह्यांची सेवा केली पाहिजे. म्हणजे यंत्रे, इमारत आणि नफा धन्याचा. परंतु ज्या लहरींवरून त्याचा आवाज घरोघर जातो, त्या लहरी लोकांच्या.

ह्या दोहोंचा मेळ घालणे सोपे नाही. कायद्याची अक्षरे सांभाळून केवळ जाहिरातींवर गबर झालेले धनी पुष्कळ झाले. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिॲटल ह्या बंदराच्या शहरी एका विधवा स्त्रीने हा मेळ बऱ्याच अंशी घालून दाखविला. तिचे नाव डोरोथी स्टिम्सन बुलिट. दूरचित्रवाणीचे केंद्र स्वतः खरेदी करून चालविणारी अमेरिकेतील पहिली स्त्री म्हणून तिची गणना होते.

डोरोथीबाईंचा जन्म ५ फेब्रुवारी १८९२ रोजी सिॲटल येथे झाला. त्यांचे वडील सी. डी. स्टिम्सन हे लाकडाचे मोठे व्यापारी. १८८९ साली सिॲटलचा मध्यभाग आगीत भस्मसात झाला. त्याच वर्षी हे घराणे तेथे येऊन स्थिरावले. जळालेले शहर पुन्हा उभे राहावयाचे होते आणि भोवतालची अरण्ये दाट होती. लाकडाच्या गिरणीला बरकत आली. पुढे स्टिम्सन ह्यांनी शहरातील जमिनी व इमारती घेतल्या. घरात कशाचीही ददात नव्हती. त्या काळच्या श्रीमंत कन्येस साजेसे गायन-वादनाचे व शिष्टाचाराचे शिक्षण डोरोथीबाईंना मिळाले. जमाखर्चाच्या वहीशी मात्र त्यांचा कधी संबंध आला नाही. १९१८ साली स्कॉट बुलिट ह्या केंटकीच्या वकिलाशी त्यांचा विवाह झाला. एक पुत्र व दोन कन्या झाल्या. पती डेमोक्रॅटिक पक्षाचे कार्यकर्ते. १९२८ साली ते राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले व पराभूत झाले.

आणि मग तीन वर्षांत दैवाने एकामागून एक घाव घातले. १९२९ मध्ये वडील निवर्तले. १९३१ मध्ये भाऊ विमानाच्या अपघातात गेला. एप्रिल १९३२ मध्ये पती कर्करोगाने वारले. चाळिसाव्या वर्षी ह्या बाई तीन मुलांसह एकाकी झाल्या, आणि त्यांच्या माथी आला एक डोलारा, की ज्याचे खांब हलू लागले होते. ती महामंदीची वर्षे होती. कचेऱ्यांच्या इमारतींतील गाळे ओस पडत होते, भाडी थकत होती. कर्जाचे व्याज मात्र थांबत नव्हते.

अशा वेळी सारे विकून टाकावे व व्याजावर निर्वाह करावा, हा मार्ग कोणाही सामान्य माणसास सुचला असता. बाईंनी तो पत्करला नाही. त्या वडिलांच्या कचेरीत जाऊन बसल्या आणि नवशिक्याप्रमाणे एकेक गोष्ट विचारून घेऊ लागल्या. त्याच उन्हाळ्यात, पतीच्या जागी प्रतिनिधी म्हणून, शिकागो येथील पक्षाच्या अधिवेशनासही त्या गेल्या. रूझवेल्ट ह्यांची अध्यक्षपदासाठी निवड झाली ते हेच अधिवेशन. मी आयुष्यभर वर्गात उभा राहिलो आहे. ‘मला हे येत नाही’ असे चारचौघांत म्हणू शकणारा विद्यार्थी पुढे जातो, हे मी अनेकदा पाहिले. बाईंचे हेच विशेष होते. पंधरा वर्षे त्यांनी तो कारभार नेटाने सांभाळला व मिळकत राखली.

युद्ध संपल्यावर त्यांचे लक्ष नभोवाणीकडे वळले. १९४७ साली त्यांनी सिॲटलमधील एक लहानसे, मागे पडलेले केंद्र १ लक्ष ९० हजार डॉलरना विकत घेतले. अमेरिकेत प्रत्येक केंद्रास इंग्रजी अक्षरांचे एक संकेतनाम असते. सिॲटल ज्या परगण्यात आहे त्याचे नाव किंग; म्हणून बाईंना के, आय, एन, जी ही चार अक्षरे हवी होती. परंतु ती एका जहाजाच्या बिनतारी यंत्रास आधीच देण्यात आली होती. बाईंनी प्रयत्न करून ती सोडवून घेतली. अभिजात संगीताची त्यांना मनापासून आवड होती; तेव्हा एफ. एम. लहरींवर त्यांनी त्या संगीतासाठी दुसरे केंद्र चालविले, आणि ते किफायतशीर नसतानाही बंद पडू दिले नाही.

खरे साहस पुढेच होते. २५ नोव्हेंबर १९४८ रोजी वायव्य अमेरिकेतील पहिले दूरचित्रवाणी-केंद्र सिॲटल येथे दुसऱ्या एका मालकाने सुरू केले. पहिला कार्यक्रम म्हणजे भर पावसातील शाळकरी मुलांचा फुटबॉलचा सामना. घरोघर संच नाहीत म्हणून जाहिराती नाहीत, आणि जाहिराती नाहीत म्हणून चांगले कार्यक्रम नाहीत, अशा फेऱ्यात त्या काळी बहुतेक केंद्रे सापडली होती. अशा स्थितीत १९४९ साली बाईंनी ते केंद्र ३ लक्ष ७५ हजार डॉलर मोजून घेतले. पहिल्या खरेदीच्या जवळजवळ दुप्पट ही किंमत. व्यवहारी मंडळींना हा व्यवहार अविचाराचा वाटला.

येथे इतिहासकाराने दैवाचा वाटाही नमूद केला पाहिजे. सप्टेंबर १९४८ मध्ये सरकारी आयोगाने नव्या केंद्रांना परवाने देणे थांबविले होते. केंद्रांच्या लहरी एकमेकांत मिसळू लागल्या होत्या आणि त्यांची वाटणी नव्याने करणे प्राप्त होते. ही बंदी एप्रिल १९५२ पर्यंत टिकली. परिणाम असा झाला की १९५३ उजाडेपर्यंत सिॲटल व त्याच्या परिसरात बाईंचे केंद्र एकटेच होते. लोक संच घेत गेले आणि प्रत्येक संचावर चित्र एकच, ‘किंग’चे. अविचारी ठरविलेला सौदा सोन्याचा झाला.

परंतु माणसाची पारख संकटापेक्षा सुबत्तेत अधिक होते. ज्याला प्रतिस्पर्धी नाही, त्याला गुणवत्तेचीही सक्ती नसते. पूर्वेकडील शहरांतून फिल्मवर उतरवून आलेले कार्यक्रम दाखवून स्वस्थ बसता आले असते. बाईंनी ते दाखविलेच. शिवाय त्यांच्या केंद्राने आपला कॅमेरा आपल्या शहराकडे वळविला. ऑगस्ट १९५१ मध्ये वॉशिंग्टन सरोवरावर वेगवान नौकांच्या शर्यती झाल्या, त्या ‘किंग’ने प्रत्यक्ष दाखविल्या. शर्यत चालू असता एक नौका पाण्यात गडप झाली आणि तीतील दोघेही मृत्यू पावले. वृत्त सांगणारे बिल ओमारा ह्यांना शब्द सुचेना. त्यांनी गुडघे टेकले आणि प्रेक्षकांना सोबत घेऊन प्रार्थना म्हटली. घरोघरच्या पडद्यांसमोर सारे शहर त्या क्षणी शोकात एकत्र आले. हजारो मैलांवरून आलेल्या फिल्मने हे साधले नसते.

पुढे मुलांसाठी ‘वुंडा वुंडा’ हा कथांचा कार्यक्रम सुरू झाला, तो जवळजवळ दोन दशके चालला. १९५९ मध्ये ‘किंग’ने सिॲटल बंदराच्या अवनतीवर ‘लॉस्ट कार्गो’ नावाचा माहितीपट दाखविला. ज्या शहरातील व्यापाऱ्यांच्या जाहिरातींवर पोट भरावयाचे, त्याच शहराच्या कारभारातील उणीव चव्हाट्यावर मांडावयाची, ही गोष्ट छातीची होती. बंदराच्या सुधारणेस ह्यामुळे चालना मिळाली.

मला स्वतःला सर्वांत मोठी वाटते ती १९५४ मधील गोष्ट. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आश्रयाने एक शैक्षणिक, जाहिराती न घेणारे केंद्र निघावयाचे होते. बंदी उठून दुसरी व्यापारी केंद्रे तोवर उभी राहिली होती आणि स्पर्धेस तोंड लागले होते. अशा वेळी बाईंनी त्या नव्या केंद्रास आरंभीची बरीचशी यंत्रसामग्री दान दिली, आणि डिसेंबर १९५४ मध्ये ते सुरू झाले. आपल्या प्रेक्षकांतून वाटा घेणाऱ्या दुसऱ्या केंद्राला आपल्याच कोठीतून शिधा देणारा धनी विरळा.

ह्यावरून बाई भोळ्या होत्या असे कोणी समजू नये. पोर्टलंड व स्पोकेन येथील केंद्रे त्यांनी आपल्या पंखाखाली घेतली. १९५९ मध्ये एन. बी. सी. ह्या बलाढ्य मंडळाचे नाते शहरातील प्रतिस्पर्ध्याकडून त्यांनी आपल्याकडे वळविले. धंद्यात त्या कोणालाही हार जाणाऱ्या नव्हत्या. १९६१ मध्ये पुत्र स्टिम्सन बुलिट ह्यांच्याकडे अध्यक्षपद आले. १९६६ साली त्यांनी केंद्रावरून व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध अग्रलेख वाचला. त्या वेळी असे बोलणारी केंद्रे देशात अगदी थोडी होती. मालकी कुटुंबाची व गावातली होती, म्हणूनच दूरच्या भागीदारांची परवानगी मागावी लागली नाही.

डोरोथीबाई २७ जून १९८९ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, वारल्या. त्यांच्या दोन्ही कन्यांनी कंपनी विकण्याचे ठरविले. १९९२ मध्ये दूरचित्रवाणी-केंद्रे देशाच्या दुसऱ्या टोकाच्या एका वृत्तपत्र-कंपनीकडे गेली, आणि त्यानंतर मालकी हस्तांतर पावत राहिली. संगीताचे एफ. एम. केंद्र मात्र कन्यांनी विक्रीतून वगळले व शहरातील कलासंस्थांच्या हितासाठी एका सार्वजनिक न्यासाच्या हवाली केले. २०११ पासून ते श्रोत्यांच्या वर्गणीवर चालू लागले. बाईंनी १९५२ मध्ये स्थापिलेल्या प्रतिष्ठानाला विक्रीच्या पैशाचे पाठबळ मिळून त्या प्रदेशातील वने, नद्या व हवा ह्यांच्या रक्षणाचे कार्य पुढे वाढले. अरण्ये तोडून जी संपत्ती उभी राहिली होती, तिचा काही अंश अशा रीतीने अरण्यांकडे परत गेला.

ह्या चरित्रावरून खाजगी मालकी श्रेष्ठ की सरकारी, असा निकाल काढण्याचा माझा हेतू नाही. बाईंच्या पाठीशी पित्याची संपत्ती होती, आणि पहिल्या वर्षांत परवान्यांच्या बंदीने त्यांना मोकळे रान मिळाले, हे विसरता कामा नये. तरीही एक गोष्ट उरतेच. बाई ज्या शहराला ऐकवीत व दाखवीत होत्या, त्याच शहरात राहत होत्या. कार्यक्रम हिणकस झाला तर दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटणारा शेजारी तो बोलून दाखवील, ही जाणीव परवान्याच्या कागदापेक्षा बळकट होती. आपल्याकडेही आता खाजगी वाहिन्यांचा सुकाळ झाला आहे. ह्यांचे धनी कोण, ते राहतात कोठे, आणि त्यांना कोणाच्या नजरेस नजर द्यावी लागते, एवढे तरी आपण श्रोत्यांनी विचारीत जावे.