शास्त्र, शंका आणि बदनापूरचा मुलूख

महाराष्ट्रात धर्मग्रंथांवरून जे मोठे वाद झाले, त्यांचा विषय बहुधा माणसाचा दर्जा हाच होता. युरोपात १६३३ साली गॅलिलिओला रोमच्या धर्मन्यायासनापुढे उभे राहावे लागले ते पृथ्वीच्या गतीवरून. मराठी मुलखात तसा खटला झाला नाही. सिद्धान्तज्योतिषातली गोल पृथ्वी आणि पुराणांतली सात समुद्रांनी वेढलेली सपाट पृथ्वी यांचा मेळ बसत नव्हता. तरी पंचांगकर्ते पहिलीवर गणित करीत, पुराणिक दुसरी सांगत आणि दोघांचेही चाले. भांडण पेटले ते वेद कोणी ऐकावा, विधवेने कसे राहावे, कोणाच्या स्पर्शाने पाणी बाटते, या प्रश्नांवर.

बदनापूर तालुका या भांडणाच्या जुन्या पेठांजवळ येतो. पश्चिमेला यादवांची देवगिरी, नैर्ऋत्येला गोदाकाठचे पैठण. आणि १६०८ साली समर्थ रामदास जन्मले ते जांब तर बदनापूरच्याच जालना जिल्ह्यात. तेराव्या शतकात देवगिरीच्या दरबारी हेमाद्री पंडिताने ‘चतुर्वर्गचिन्तामणि’ हा अवाढव्य संग्रह रचला. त्याच्या व्रतखंडात व्रतांची इतकी गर्दी आहे की ती सगळी पाळायची तर वर्षाचे दिवस अपुरे पडावेत. त्याच काळात, त्याच मुलखात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी लोकभाषेत निरूपण करीत हिंडत होते. ‘लीळाचरित्रा’त स्त्रियांच्या विटाळाचा प्रश्न येतो तेव्हा ते कोणत्याही स्मृतीचा हवाला देत नाहीत. देहाच्या द्वारांतून जसा शेंबूड येतो तसाच हाही एक स्राव, त्याचा विटाळ कसला, असा त्यांचा सरळ शारीरिक खुलासा आहे. शास्त्रवचनाला देहाच्या निरीक्षणाने दिलेले इतके जुने उत्तर मराठीत दुसरे दाखवणे कठीण. महानुभाव परंपरा हेमाद्रीला चक्रधरांच्या विरोधकांत गणते. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ आणि सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. त्यांची उकल होऊन ते बाहेरच्या वाचकांपुढे आले विसाव्या शतकाच्या आरंभी. मराठीतली सर्वांत धीट धर्मचिकित्सा अशी शतकानुशतके कुलपात राहिली, आणि कुलूप घालणारे तिचे अनुयायीच होते.

पैठणचा अधिकार निराळ्या प्रकारचा होता. संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेल्या ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे जावे लागले, असे परंपरा सांगते. रेड्यामुखी वेद बोलवल्याची आख्यायिका याच प्रसंगाची. तिच्याकडे चमत्कार म्हणून पाहिले जाते. पण समाजातल्या बहुसंख्यांना ज्याचे श्रवणही वर्ज्य, ते रेडा म्हणून दाखवतो, यातला टोमणा झोंबणारा आहे. सोळाव्या शतकात पैठणच्याच एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि भारुडांतून महाराच्या तोंडी अध्यात्म घातले. वर्णव्यवस्था नाकारण्यापर्यंत मात्र ते गेले नाहीत. संतांचा मार्ग बहुतेक हाच राहिला: वचन खोडायचे नाही, त्याच्या शेजारी दुसरे, अधिक दयाळू वचन उभे करायचे.

पैठणचे शास्त्र काशीलाही पोहोचले. मूळचे पैठणचे भट्ट घराणे तेथे स्थायिक झाले आणि उत्तरेतही त्याचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. याच घराण्यातल्या कमलाकर भट्टाने १६१२ मध्ये ‘निर्णयसिन्धु’ लिहिला आणि शूद्रांच्या आचारावर ‘शूद्रकमलाकर’ हा स्वतंत्र ग्रंथही रचला. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच घराण्यातले. राजासाठी शास्त्रातून वाट निघाली. गावकुसाबाहेरच्यांसाठी तसे शोधायला कोणी बसले नाही.

एकोणिसाव्या शतकात पुणे-मुंबईकडे ग्रंथप्रामाण्यावरच घाव पडू लागले. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) अवतारकथा सत्तेच्या कथा म्हणून वाचल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनेच सुधारणेच्या बाजूने लावून दाखवली, तर आगरकरांचा भर विवेकावर होता; वचन सापडो न सापडो, अन्याय तो अन्यायच, अशी त्यांची भूमिका. बदनापूर तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. त्या शतकाच्या शेवटी हैदराबाद–गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग तेथून गेला, पण पुण्याच्या वादांची धग या बाजूला क्षीणच पोहोचली.

निर्णायक घटना घडली कोकणात. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आक्षेप मोघम नव्हता. शूद्राने द्विजाला कठोर शब्द बोलल्यास जीभ छाटावी (८.२७०), स्त्री स्वातंत्र्यास पात्र नाही (९.३), समर्थ असला तरी शूद्राने धनसंचय करू नये (१०.१२९) अशी वचने त्या ग्रंथात आहेत. ती प्रक्षिप्त आहेत, कालबाह्य आहेत, कोणी पाळत नाही, अशी उत्तरे तेव्हाही दिली गेली. न पाळला जाणारा ग्रंथ जाळल्याने इतका संताप का व्हावा, याचा खुलासा मात्र झाला नाही.

त्यानंतर पांडित्याच्या बाजूनेही काम झाले. पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राचा पंचखंडी इतिहास लिहून ही वचने काळाच्या चौकटीत बसवली. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ‘हिंदुधर्माची समीक्षा’त आणखी पुढे गेले: धर्मसंस्था माणसाने घडवली, म्हणून ती तपासण्याचा अधिकारही माणसाचाच.

मराठवाड्यात हा विचार आला तो शिक्षणातून. १९५० साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ते प्रसिद्ध झाले. निजामी राजवटीत उच्च शिक्षण उर्दूत आणि तेही मोजक्यांना मिळत होते, त्या प्रदेशातली दलित मुले येथे शिकली. १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर त्यांच्यापैकी अनेकांनी जुन्या ग्रंथांचा नवा अर्थ लावत बसण्याचे कामच सोडून दिले. १९८७ साली राज्य सरकारने आंबेडकरांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापले, तेव्हा राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून मुंबईत मोर्चे आणि प्रतिमोर्चे निघाले. परिशिष्ट राहिले, पण त्यातल्या मतांशी सरकार सहमत असेलच असे नाही, अशी टीप जोडून.

विज्ञान या मुलखात वेगळ्या दाराने आले. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात, जे आज परभणीच्या कृषी विद्यापीठाखाली आहे, तुरीचे ‘बीडीएन’ मालिकेतले वाण निघाले. ते पेरणारा शेतकरी सोमठाण्याच्या गडावर रेणुकेच्या दर्शनालाही जातो. त्याला त्यात विसंगती वाटत नाही, आणि खरे तर नाहीही. बियाण्याच्या प्रयोगाने कोणाच्या देवाला धक्का लागत नाही. धक्का लागतो तो विहीर, मंदिर, लग्न आणि सोवळे यांच्या नियमांना हात घातला की.

कायद्यानेही हात घातला आहे तो आचाराला. संविधानाचे कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदा अघोरी कृत्यांना शिक्षा सांगतो, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा वाळीत टाकणे हा गुन्हा ठरवतो. मनुस्मृतीवर बंदी नाही. भाषांतरासह ती कोणत्याही पुस्तकाच्या दुकानात मिळते.