सुटं पान

नाशिकच्या सराफ बाजारात जुन्या चांदीच्या वस्तूंत मला एकदा गंजिफाचं पान दिसलं. गोल, हातानं रंगवलेलं, त्यावर नरसिंह. एकच पान. उरलेली ११९ कुठे गेली?

गंजिफा हा शब्द फारसी. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला ही पानं पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मुघल जोडात आठ रंग, ९६ पानं. आपल्याकडे ताज-शमशेरच्या जागी मत्स्य-कूर्म आले: दहा अवतार, प्रत्येकी राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. एकूण १२०. दिवसा रामाचा मान, रात्री कृष्णाचा.

सावंतवाडीचे चितारी चिंचोक्याच्या खळीनं थर चिकटवून, रंगवून, वर लाखेचा हात देत. हे काम थांबत आलं तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ते स्वतः शिकून राजवाड्यात पुन्हा सुरू केलं.

संग्राहकाला पान बिनडागाचं लागतं. पण डाग बोटांचे असतात. कोरा करकरीत उरलेला जोड बहुधा कुणी खेळलेलाच नसतो. आणि जोड फोडून सुटं पान चौकटीत गेलं की चित्र वाचतं, डाव मात्र कायमचा मोडतो. सगळ्या पानांची पाठ सारखी रंगवतात ती समोरच्याला पान ओळखू येऊ नये म्हणून. चौकटीत ती भिंतीकडे तोंड करून असते.

म्हणून घ्यायचाच तर अख्खा जोड घ्यावा. तिघं जमवावीत, आणि दिवस आहे की रात्र ते पाहून पहिलं पान टाकावं.