स्क्रूपासून कोडपर्यंत: अमेरिकन डिझेल पिकअपच्या ट्यूनिंगची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात एका मित्राच्या डिझेल एसयूव्हीत डीपीएफचा दिवा लागला. रोजचा प्रवास कोथरूड ते हिंजवडी, तोही बहुतेक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, त्यामुळे धुराचा फिल्टर काजळीने भरत आला होता. गॅरेजवाल्याने तोडगा सुचवला, ‘फिल्टर काढून टाकू, रीमॅप मारू. दिवा परत लागणार नाही, वर गाडीही पळेल.’ मित्राने मला फोन केला, कारण मी सॉफ्टवेअरवाला. ‘कोडच बदलायचाय ना? त्यात काय एवढं?’

मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. शोधायला बसलो आणि थेट अमेरिकेत पोचलो. कारण हाच प्रश्न तिथे गेली तीसेक वर्षं भांडला जातोय, गॅरेजांत आणि कोर्टांतही. आणि त्या भांडणाच्या मध्यभागी उभा आहे डिझेल पिकअप ट्रक.

एक स्क्रू आणि एक पत्रा

अमेरिकेत पिकअप हे शेतकऱ्याचं, गवंड्याचं, घोडे पाळणाऱ्याचं वाहन. मागे ट्रेलर जोडायचा आणि ओढायचं. १९८९ साली डॉजने आपल्या रॅम पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं. ताकद १६० अश्वशक्ती, म्हणजे आजच्या एखाद्या मध्यम एसयूव्हीइतकीच. पण टॉर्क ४०० पाउंड-फूट, आपल्या मापात साधारण ५४० न्यूटन-मीटर. ओढण्यासाठी हाच आकडा महत्त्वाचा. या कमिन्सचं नाव आपल्याला नवं नाही. १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत सुरुवात केल्यापासून ही कंपनी पुण्यात इंजिनं बनवत आली आहे, ती भागीदारी मात्र पुढे संपली.

ट्यूनिंग समजून घ्यायचं तर डिझेल इंजिनाचा एक गुण लक्षात ठेवायला हवा. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं. डिझेलमध्ये तसं नसतं. हवा भरपूर आत येते आणि ताकद ठरते ती किती इंधन आत फवारलं यावर. त्यात टर्बो असेल तर जास्त इंधनामुळे एक्झॉस्ट जास्त गरम होतो, टर्बो जोरात फिरतो आणि आणखी हवा आत ढकलतो. म्हणजे ताकद वाढवायची तर इंधन वाढवा, संपलं. डिझेल ट्यूनिंगचा सगळा इतिहास म्हणजे इंधनाचा हा नळ कुणाच्या हातात, याचा इतिहास.

सुरुवातीला नळ अक्षरशः हातात होता. त्या पहिल्या कमिन्सच्या बॉश पंपावर इंधनाचा एक स्क्रू होता. तो आत फिरवला की इंधन वाढायचं. १९९४ नंतरच्या पंपात धातूची एक छोटी पट्टी इंधनाची मर्यादा ठरवायची. लोक ती पुढे सरकवायचे, घासून तिचा आकार बदलायचे किंवा सरळ काढूनच टाकायचे. शनिवारी दुपारी अंगणात, एका पान्याने हे काम व्हायचं. इंधन जास्त झालं की मागून काळा धूर निघायचा. तो न जळलेल्या इंधनाचा. केलेलं काम सगळ्या गल्लीला दिसायचं.

हातावर मावणारा डबा

१९९४ च्या मध्यावर फोर्डने ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक इंजिन आणलं. त्यात इंजेक्टर केव्हा आणि किती वेळ उघडायचा हे कॉम्प्युटर ठरवायचा. नळ हातातून गेला आणि कोडमध्ये शिरला.

पण त्या कॉम्प्युटरच्या पेटीला मागच्या बाजूला एक रिकामा पोर्ट होता. हौशी लोकांनी तो शोधून काढला. पोर्टवरचा संरक्षक थर खरवडायचा, संपर्कबिंदू लख्ख करायचे आणि त्यावर चिप खोचायची. कंपनीच्या तक्त्यांऐवजी आता चिपमधले तक्ते वाचले जायचे. ‘ओढण्यासाठी’, ‘रोजच्यासाठी’, ‘शर्यतीसाठी’ अशा निवडी बटणावर आल्या.

१९९८ च्या सुमारास कमिन्सचा पंपही इलेक्ट्रॉनिक झाला. २००१ मध्ये जनरल मोटर्सने इसुझूबरोबर बनवलेलं ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स आलं. कॉमन रेल आणि थेट ३०० अश्वशक्ती. कॉमन रेलमध्ये सगळ्या इंजेक्टरांसाठी एकाच नळीत प्रचंड दाबाखाली डिझेल भरलेलं असतं आणि एक सेन्सर तो दाब कॉम्प्युटरला कळवत राहतो. इथे ट्यूनिंगवाल्यांना सगळ्यात सोपी युक्ती सापडली. सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक डबा जोडायचा. सेन्सर म्हणतो दाब अमुक आहे, डबा कॉम्प्युटरला त्याहून कमी सांगतो. कॉम्प्युटर बिचारा प्रामाणिक, तो दाब वाढवतो. तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जातं आणि ट्रक उसळी मारतो. कोडला हातही न लावता कोडला फसवायचं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला ‘इनपुटवर विश्वास ठेवू नका’ या धड्याखाली शिकतो.

त्यापुढची पायरी म्हणजे गाडीच्या ओबीडी पोर्टमधून मूळ प्रोग्रॅम वाचून घेणारी आणि जागी नवा लिहिणारी यंत्रं. एक लाखभर रुपयांच्या आतलं यंत्र, पंधरा-वीस मिनिटं आणि काम तमाम.

फुकट काहीच नव्हतं. जास्त इंधनाने एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि ट्रेलर घेऊन लांबलचक घाट चढताना पिस्टन वितळू शकतो. म्हणून जाणकार लोक आधी तापमानाचा काटा बसवायचे, मग डबा. हेड गॅस्केट उडायचे, गिअरबॉक्सचे क्लच घसरायचे. ड्युरामॅक्सबरोबर येणारा ॲलिसन गिअरबॉक्स घसरण ओळखून स्वतःच लंगड्या चालीवर जायचा. तरी इथपर्यंतचा हिशोब बराचसा मालकाचा स्वतःचा होता. इंजिन त्याचं, जोखीम त्याची. पण धूर मात्र सगळ्यांचा होता.

फिल्टर आला आणि काढला गेला

२००७ पासून नव्या नियमांमुळे डिझेल पिकअपना धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. काजळी त्यात अडकते आणि मधूनमधून जास्तीचं इंधन जाळून, फिल्टर साधारण सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ती राख केली जाते. पुढच्या काही वर्षांत नायट्रोजन ऑक्साइड मोडण्यासाठी युरियाचं द्रावण आलं, ज्याला तिकडे डीईएफ म्हणतात. हवेसाठी हा मोठा बदल होता. मालकासाठी मात्र मायलेज घटलं, नवे सेन्सर आले आणि नवे खर्चही आले. द्रावण संपलं किंवा एखादा सेन्सर रुसला तर कॉम्प्युटर ट्रकचा वेग जवळजवळ चालण्याच्या गतीवर आणायचा. कापणीच्या दिवसांत, डीलरपासून शंभर मैलांवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला यात पर्यावरण दिसणार नाही, हे मला कळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही, म्हणजे ईपीएने, २०२५ मध्ये कंपन्यांना सांगितलं की द्रावण संपल्यावर ट्रक असा अचानक गळपटणार नाही अशी सॉफ्टवेअर बनवा.

पण २००७ नंतरच्या दशकात उत्तर बाजारातून आलं. त्याचं नाव ‘डिलीट’. फिल्टर कापून जागी सरळ पाइप लावायचा आणि कॉम्प्युटरला नवा प्रोग्रॅम द्यायचा, जो फिल्टर आहे की नाही हे विचारतच नाही. ताकद वाढवणारा डबा आणि प्रदूषण-नियंत्रण बंद करणारा डबा आता एकच झाला. याच काळात ‘रोलिंग कोल’ नावाचा प्रकार बोकाळला. मुद्दाम इंधन वाढवून सायकलस्वारांवर, इलेक्ट्रिक गाड्यांवर काळ्या धुराचा लोट सोडायचा. २०१५ मध्ये न्यू जर्सीने त्याविरुद्ध कायदाच केला.

खरं तर कायदा आधीपासून होता. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टमध्ये १९९० च्या दुरुस्तीनंतर प्रदूषण-नियंत्रण निकामी करायला सगळ्यांनाच बंदी होती, गाडीच्या मालकालाही. आणि तशी वस्तू विकणं हाही गुन्हा होता. सगळेच डबे बेकायदा नव्हते. चाचणीत प्रदूषण वाढत नाही हे दाखवलं तर कॅलिफोर्नियाची हवा-संस्था तशी मान्यता देते. पण डिलीटवाल्यांना ती मिळणं शक्यच नव्हतं.

२०१३ मध्ये युटा राज्यातल्या एज प्रॉडक्ट्स या कंपनीने नऊ हजारांवर डब्यांच्या प्रकरणात पाच लाख डॉलर दंड भरला. शिवाय भरपाई म्हणून लोकांना जुन्या लाकडाच्या शेगड्या बदलण्यासाठी पैसे द्यायचं कबूल केलं. ट्रकच्या धुराचा हिशोब चुलीच्या धुराने फेडायचा, कारण फुप्फुसाला दोन्ही सारखेच. युटाला हे चांगलं ठाऊक आहे. हिवाळ्यात सॉल्ट लेकच्या खोऱ्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खालचा धूर दिवसेंदिवस तिथेच राहतो. २०१७ मध्ये तिथल्याच डॉक्टरांच्या एका संघटनेने ‘डिझेल ब्रदर्स’ या टीव्ही कार्यक्रमातल्या मंडळींवर दावा लावला आणि २०२० मध्ये कोर्टाने त्यांना मोठा दंड केला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ईपीएने अंदाज मांडला. साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधलं नियंत्रण काढून टाकलं गेलं होतं, म्हणजे अशा ट्रकांपैकी जवळपास पंधरा टक्के. त्यांच्या आयुष्यभरात मिळून नायट्रोजन ऑक्साइडची भर ५,७०,००० टनांहून जास्त. नव्वद लाखांहून अधिक धड ट्रक रस्त्यावर नव्याने आणल्यासारखं.

कंपनीचा ‘जर’

इथे गोष्ट संपली असती तर सोपं होतं. बेफिकीर मालक, लोभी दुकानदार, बिचारी हवा. पण नळ कोडमध्ये शिरला तेव्हा तो फक्त मालकांच्याच दृष्टीआड गेला नव्हता.

१९९८ मध्ये कॅटरपिलर, कमिन्स, मॅक, व्होल्वो यांच्यासह सात अवजड-इंजिन उत्पादकांनी अमेरिकन सरकारशी तडजोड केली. साधारण तेरा लाख इंजिनांच्या सॉफ्टवेअरमध्ये आक्षेपार्ह गोष्ट सापडली होती. चाचणीत इंजिन नियमात चालायचं आणि हायवेवर एका वेगात धावू लागलं की सॉफ्टवेअर इंधन वाचवणाऱ्या, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढवणाऱ्या चालीवर जायचं. दंड ८ कोटी ३४ लाख डॉलर. त्या वेळचा तो विक्रम होता.

१८ सप्टेंबर २०१५ ला फोक्सवॅगन पकडली गेली. तिच्या कोडमध्ये स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब यांवरून गाडी चाचणीत आहे का हे ओळखणारी अट होती. चाचणीत असेल तर सभ्य, रस्त्यावर असेल तर नियमाच्या चाळीसपटीपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड. कोडच्या भाषेत हा एक ‘जर’. असे ‘जर’ मी रोज डझनभर लिहितो.

आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये गोष्ट पुन्हा पिकअपपाशी आली. कमिन्सने १६७.५ कोटी डॉलर दंड मान्य केला, क्लीन एअर ॲक्टखालचा आजवरचा सगळ्यात मोठा. आरोप २०१३ ते २०१९ च्या ६,३०,००० रॅम पिकअपच्या इंजिनांत नियंत्रणाला बगल देणारं सॉफ्टवेअर असल्याचा, आणि नंतरच्या ३,३०,००० इंजिनांत न सांगितलेल्या सोयी असल्याचा. कंपनीने चूक कबूल केली नाही. वाईट हेतूचा पुरावा सापडला नाही, असं तिचं म्हणणं. म्हणजे कुणी डिलीट न केलेला, शोरूममधून जसा आला तसा रॅमही कागदावरच्यापेक्षा जास्त धूर सोडत असण्याची शक्यता होती.

यात मला सगळ्यात बोचणारा प्रसंग २०१५ चा वाटतो. गाडीच्या मालकाला स्वतःच्या गाडीचा कोड उघडायची कॉपीराइट कायद्यातून सूट द्यावी का, हा प्रश्न तेव्हा चर्चेत होता. जुलैमध्ये ईपीएने पत्र लिहून विरोध केला. कोड उघडला तर लोक ताकद वाढवतील आणि प्रदूषण करतील, ही भीती. डब्यांचा इतिहास पाहता ती खोटी नव्हती. दोनच महिन्यांनी फोक्सवॅगन उघडी पडली, तीही कोड वाचून नव्हे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाडीच्या मागे मोजमाप-यंत्रं लावून ती रस्त्यावर चालवली होती, त्यातून संशयाचा धागा मिळाला. बंद कोडने मालकाला अडवलं आणि कंपनीला लपवलं. ऑक्टोबरमध्ये सूट मंजूर झाली, पण कायदे मोडण्याची मुभा म्हणून नव्हे.

तर मित्राला काय सांगितलं?

‘त्यात काय’ याचं माझं उत्तर असं. स्क्रू फिरवणाऱ्याचा धूर दिसायचा, म्हणून शेजारी निदान ओरडू तरी शकायचा. कोडमधला स्क्रू कुणालाच दिसत नाही. नायट्रोजन ऑक्साइड तर बहुतेक वेळा डोळ्यांनाही दिसत नाही. आपल्या पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, फिल्टर आले, आणि त्याबरोबर अमेरिकेत २००७ ला सुरू झालेली गोष्टही इथे सुरू झाली आहे. गाडी आपली, कोड वाचायचा आणि दुरुस्त करायचा हक्क आपला असायला हवा, हे मी मानतो. पण नळ्यातून जे बाहेर पडतं ते सिग्नलला मागे थांबलेल्या स्कूटरवालीच्या नाकात जातं. तिला कुणी विचारलेलं नसतं.

मित्र म्हणाला, ‘लेक्चर नको, दिव्याचं सांग.’ मी त्याला एक्स्प्रेसवेवर घेऊन गेलो. लोणावळ्यापर्यंत एका वेगात, गाडी न थांबवता. फिल्टर तापला, काजळी जळली. परतीच्या वाटेवर कधीतरी दिवा विझला होता. आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.