आधी प्रश्न, मग उत्तरं

ऑगस्ट २००२. तोक्योमधल्या ‘कॉमिकेट’ या हौशी प्रकाशकांच्या मेळ्यात र्‍युकिशी०७ या लेखकाच्या छोट्या गटाने ‘हिगुराशी’ या गेमचा पहिला भाग विकायला ठेवला. जून १९८३, हिनामिझावा नावाचं काल्पनिक खेडं. दरवर्षी उत्सवाच्या रात्री एकाचा मृत्यू, एक जण बेपत्ता. गेम नावालाच. पर्याय निवडायचे नाहीत. वाचायचं आणि तर्क लढवायचा. पहिले चार भाग प्रश्नांचे, पुढचे चार उत्तरांचे. आठवा आला २००६च्या ऑगस्टमध्ये. मधली चार वर्षं वाचक आपसात वाद घालत होते. खरा खेळ तोच होता.

म्हणून माझ्या मते क्रम एकच: आठही भाग प्रकाशनाच्या क्रमाने. एवढं वाचणं शक्य नसेल, तर २००६ची अ‍ॅनिमे मालिका, मग २००७ची ‘काई’. २०२०ची मालिका त्यानंतरच. ती जुन्याचीच नवी आवृत्ती वाटली होती. दुसऱ्या भागात ‘गोउ’ हे नाव उघड झालं आणि ती पुढची गोष्ट निघाली. जुनं रहस्य ती गृहीत धरते.

मी तिथूनच सुरुवात केली. नंतर मूळ गेम वाचला, आवडलाही. पण चुकीचा तर्क करण्याची संधी मात्र कायमची गेली.