पाठीवरचं पाणी

गेले दोन महिने मी पाण्याची एक पिशवी निवडतोय. हापिसात हे सांगितल्यावर एकाने मला शांतपणे बाटली काढून दाखवली. त्याचं चुकलं नाही. पुण्यात बाटली पुरते. पण भंडारा जिल्ह्यातल्या पांदण रस्त्यांवर मे महिन्यात मोटरसायकल चालवायची असेल तर पुरत नाही, हे मला गेल्या उन्हाळ्यात जरा महागात समजलं. आणि एकदा विषयात शिरलो की इतिहासाच्या गल्लीत भटकून आल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच :)

तर झालं असं. मे महिन्यात सुट्टी काढून लाखनीला घरी गेलो होतो. भावाची एक्सपल्स दारात उभी. सकाळी सातला निघालो, मामाच्या गावाकडे, अड्याळच्या बाजूला. डांबरी रस्ता सोडून पांदणीने, मग नहराच्या काठाने, मग जंगलाच्या कडेच्या मुरुमावरून. पाण्याची बाटली मागच्या बॅगेत, दोरीने आवळून बांधलेली. आता अशा रस्त्यावर पाणी प्यायचं म्हणजे गाडी थांबवा, हातमोजे काढा, हेल्मेट काढा, दोरी सोडा. दर वेळी वाटायचं, जाऊ दे, पुढच्या सावलीत पिऊ. असं करत अडीच तास काढले. शेवटी एका वळणावर गाडी आपोआपच आडवी झाली. म्हणजे मीच आडवा केली, पण मला ते आठवत नाही. हात थरथरत होते, मळमळत होतं आणि बाटलीतलं पाणी चहा करण्याइतकं तापलेलं. एक घोट घेतला तो उलटून पडला.

तेंदूपत्त्याचे दिवस होते. पहाटे जंगलात गेलेली माणसं पानांची गाठोडी डोक्यावर घेऊन परतत होती. त्यातल्या माझ्या आईच्या वयाच्या एका बाईने मला मोहाच्या झाडाखाली बसवलं. तिच्याजवळ कोल्ड्रिंकची जुनी दोन लिटरची बाटली होती, ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. "हरू हरू पी बापू, एकदम नको पिऊ," ती म्हणाली. (आमच्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो.) ते पाणी गार होतं. त्या उन्हात, सकाळपासून हिंडलेल्या बाटलीतलं पाणी गार! मी अर्ध्याहून जास्त संपवलं. तिला अजून फडावर जाऊन पानं मोजून द्यायची होती, मग घरी चालत जायचं होतं, हे माझ्या डोक्यात मामाकडे पोचल्यावर आलं.

मामाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "काहून बे, छागल नाही न्यायची?"

छागल! हा शब्द मी पंधरा-वीस वर्षांत ऐकला नव्हता. मामा ऐंशीच्या दशकात फडमुंशी होता. तेंदूपत्त्याच्या हंगामात या फडावरून त्या फडावर राजदूतवर फिरायचा आणि राजदूतच्या पुढच्या गार्डला जाड कापडाची, एका कोपऱ्यात तोंड असलेली पाण्याची पिशवी टांगलेली असायची. ट्रकवाल्यांच्या समोर, जीपच्या बाजूला, सर्वेवाल्यांच्या खांद्याला तेव्हा सर्रास दिसायची ती. कापडातून पाणी किंचित पाझरतं, बाहेरच्या बाजूने वाफ होऊन उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माठाचंच तत्त्व, फक्त फुटत नाही आणि गाडी जितकी पळेल तितकं वारं जास्त लागतं.

इंजिनिअर माणूस, आकडेमोड केल्याशिवाय राहवेना. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४ किलोज्यूल लागतात. एक लिटर पाणी १० अंशांनी गार करायला साधारण ४२ किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे सगळं आदर्श असेल तर फक्त १७-१८ ग्रॅम पाणी उडायला हवं, मोठा चमचाभर! प्रत्यक्षात बाहेरची गरम हवा उष्णता परत आत ढकलत असते, त्यामुळे जास्त उडतं. तरी सौदा फायद्याचाच. त्या बाईच्या बाटलीवरचं ओलं पोतंही तेच करत होतं.

'छागल' हा शब्द संस्कृत 'छाग'वरून आला, छाग म्हणजे बोकड. मुळात छागल म्हणजे बोकडाच्या कातड्याची पाणपिशवी. पुढे कातडं गेलं, कापड आलं, नावात मात्र बोकड राहिला. कातड्याच्या पिशवीचं जास्त प्रसिद्ध नाव मशक. अख्ख्या बकऱ्याचं कातडं, पाय बांधून टाकलेले, मान म्हणजे तोंड. भिश्ती ती पट्ट्याने खांद्यावरून घेऊन पाठीला-कमरेला टेकवून चालायचा. भरलेली मशक पंचवीस-तीस लिटरची, म्हणजे तेवढेच किलो. इतकं वजन घेऊन दिवसभर गल्लीबोळ चढायचे तर ते अंगाला चिकटलेलंच हवं, लोंबकळलं की माणूस गेला. मशक मऊ असल्यामुळे पाठीचा आकार घ्यायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१५३९ मध्ये चौसाच्या लढाईत शेरशहाने हुमायूनला धूळ चारली. गंगेत बुडता बुडता हुमायूनला वाचवलं ते निजाम नावाच्या भिश्त्याने, हवा भरून फुगवलेल्या मशकीच्या आधाराने. बदल्यात त्याला काही काळ तख्तावर बसायला मिळालं. किती काळ, यावर एकमत नाही. कुणी अर्धा दिवस म्हणतं, कुणी दोन दिवस. 'भिश्ती' हा शब्द फारसी 'बिहिश्त'वरून आलाय असं मानतात, बिहिश्त म्हणजे स्वर्ग. मोहाखाली बसलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती मुळीच अतिशयोक्तीची वाटत नाही.

मशकीची थोरली बहीण पखाल. ती हल्याच्या (म्हणजे रेड्याच्या) नाहीतर बैलाच्या पाठीवर. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला ही म्हण आपण आजही मीटिंगमध्ये मनातल्या मनात म्हणतो, पण पखाल पाहिलेला एकही जण माझ्या टीममध्ये नाही. पखाल लष्करातही होती. पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणी मेसोपोटेमियात लढल्या तेव्हा खेचरांच्या पाठीवर पाणी पखालींतूनच जायचं. आणि आमच्या भागातल्या गोंडांकडे याहून साधी गोष्ट होती, तुंबा. वाळवून पोकळ केलेला भोपळा, गळ्याला दोरी. फुकट आणि हलका. घरी आजीचा फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या आहे, प्रवासाचा. भंडारा पितळेसाठी प्रसिद्ध, त्यामुळे त्याचं कौतुक करणं माझं कर्तव्य आहे, पण तो घेऊन पांदणीवरून जायची माझी हिंमत नाही.

आता ही सगळी भांडी पाणी वाहायची. प्यायला मात्र थांबावंच लागायचं. तो प्रश्न सुटला १९८८ मध्ये, टेक्ससमधल्या विचिटा फॉल्सला. तिथे ऑगस्टच्या उकाड्यात शंभर मैलांची सायकल शर्यत असते. मायकेल आयडसन नावाचा एक जण रुग्णवाहिकेवर काम करणारा, त्यामुळे सलाइनची पिशवी त्याच्या रोजच्या हाताखालची. त्याने ती पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, मोजा जर्सीच्या पाठीवर लावला, नळी खांद्यावरून पुढे आणली आणि तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. झालं! त्यातून कॅमलबॅक कंपनी उभी राहिली आणि पुढे ती पिशवी अमेरिकन सैनिकांच्या पाठीवरही गेली. त्याच १९८८च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं होतं. त्याचं पाणी शेतापर्यंत पोचायला किती दशकं लागली ते पवनीकडच्या कुणालाही विचारा. असो.

नळीचं महत्त्व मात्र नुसत्या सोयीचं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड अडॉल्फ या शरीरशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले, ते १९४७ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यात दिसलं की भरपूर घाम येत असताना, शेजारी पाणी असूनही, माणूस घामाइतकं पाणी स्वतःहून पीत नाही. तहान मागे पडते. शिवाय पाणी पुरवून पुरवून प्यायल्याने घाम कमी होत नाही, त्यामुळे राखून ठेवलेल्या पाण्याचा शरीराला उपयोग शून्य. 'पुढच्या सावलीत पिऊ' हा माझा अल्गोरिदमच चुकीचा होता.

तर निवड. पहिली पिशवी फोटो बघून मागवली आणि पस्तावलो. नुसते दोन खांद्याचे पट्टे. खड्ड्यांतून जाताना आपण फूटपेगवर उभे राहतो, गुडघे गाडी झेलतात आणि त्या वेळी दोन किलो पाणी पाठीवर स्वतंत्रपणे नाचत असतं. खांद्यांपेक्षा मानेचं भरीत जास्त झालं. तेव्हा मशक आठवली. वजन अंगाला चिकटलेलं हवं. छातीवर मधोमध चारही पट्टे जुळतात अशी रचना यासाठीच असते. एक स्वीडिश कंपनी तर आपल्या पट्ट्याला 'नाचणारं माकड नाही' अशा अर्थाच्या नावाने विकते, आणि मी त्या माकडाला व्यक्तिशः ओळखतो. कमरेचा पट्टा असेल तर तो वजन पेलतो, पण काहींना बसल्यावर पोटात रुततो.

दुसऱ्यांदा मी दुकानात जॅकेट, आत आर्मर आणि हेल्मेट असा सगळा जामानिमा करून गेलो. दुकानदाराला वाटलं मी लुटायला आलोय. पण पिशवी पाण्याने भरून, हे सगळं अंगावर घालून, गाडीवर उभं असल्यासारखं वाकून पाहिल्याशिवाय काही कळत नाही. एका पिशवीची नळी हेल्मेटच्या हनुवटीखालून तोंडापर्यंत पोचेचना. दुसरीचं तोंड इतकं अरुंद की आत हात जात नाही, म्हणजे महिन्याभरात आत शेवाळाची शेती. शेवटी दोन लिटरची, रुंद तोंडाची, चार पट्ट्यांची घेतली. भरल्यावर उलटी करून नळीतून आतली हवा ओढून घ्यायची, मग डचमळत नाही. नळीवर कापडी खोळ, कारण उन्हात सगळ्यात आधी नळीतलं पाणी तापतं.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. ही पिशवी पाझरत नाही, म्हणून गार होत नाही, उलट माझ्या पाठीची उष्णता घेते. सकाळी बर्फ टाकला तरी अकरापर्यंत कोमट. जे मामाच्या राजदूतला जमत होतं ते यात नाही. म्हणून मग दोन्ही. पाठीवर नळीची पिशवी, आणि गाडीच्या पुढच्या गार्डला छागल, थांबलो की तिच्यातून पिशवी भरायची. छागलीत पाणीही मी दोन माणसांचं नेणार आहे.

छागल मामानेच शोधून पाठवली, नवी कोरी. नवं कापड आधी नुसतं गळतं. पाण्यात भिजून धागे फुगले, विणीतल्या फटी बुजल्या की मग ते पाणी धरतं, म्हणून ती आधी रात्रभर बुडवून ठेवायची असते. सध्या ती न्हाणीत बादलीत पडली आहे आणि आई दोनदा विचारून गेली की हे फडकं धुवायचं आहे का.