अंकीय सांस्कृतिक वारसा : पिंपरी-चिंचवड–चाकण परिसर

हस्तलिखिते, कागदपत्रे, मुद्रित ग्रंथ, संग्रहालयीन वस्तू, छायाचित्रे व ध्वनिमुद्रिते यांच्या संगणकीय प्रती, तसेच मुळातच संगणकावर निर्माण झालेली सांस्कृतिक सामग्री यांस अंकीय अर्थात डिजिटल सांस्कृतिक वारसा म्हणतात. युनेस्कोने ऑक्टोबर २००३ मध्ये या वारशाच्या जतनासाठी स्वतंत्र सनद स्वीकारली. भारताचे यासंबंधीचे धोरण कोणत्याही एका दस्तऐवजात सामावलेले नाही. ते कायदे, अभियाने व संकेतस्थळे यांतून क्रमाक्रमाने घडत आले आहे. पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेला पिंपरी-चिंचवड–चाकण हा औद्योगिक पट्टा या धोरणाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा या दोहोंचे बोलके उदाहरण होय.

पार्श्वभूमी : हा परिसर कारखानदारीसाठी प्रसिद्ध असला, तरी त्याचा ग्रंथिक वारसा कितीतरी जुना आहे. देहू हे संत तुकारामांचे गाव. त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे चाकणचे, तर गंगाजी मवाळ जवळच्या कडूसचे. चिंचवड येथे मोरया गोसावी यांची समाधी असून त्यांच्या देव घराण्याला निरनिराळ्या राजवटींकडून इनामे मिळाली. या घराण्याच्या व राज्यसत्तेच्या संबंधांवर लॉरेन्स प्रेस्टन यांनी लिहिलेला ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. चाकणच्या संग्रामदुर्गाला शायिस्ताखानाने १६६० मध्ये वेढा घातला व फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे दोन महिने लढविला. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराच्या हजारो रुमालांत या मुलखाच्या वतनांचे व वसुलाचे मोडी कागद आहेत.

हस्तलिखितापासून मुद्रणापर्यंत : शासनाने पुढाकार घेऊन सांस्कृतिक ठेव्याची प्रत सर्वांस उपलब्ध करून द्यावी, ही कल्पना संगणकाच्या फार पूर्वीची आहे. मुंबई सरकारच्या अनुदानाने विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी तुकारामांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत (१८६९, १८७३) प्रसिद्ध केली. तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग असून तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या. पुढे वि. ल. भावे यांनी जगनाडे यांच्या वह्यांच्या आधारे वेगळी गाथा छापली (१९१९-२०). प्रती तयार झाल्या, तरी मूळ पोथ्यांची झीज मात्र थांबली नाही. देहू येथील, तुकारामांच्या हस्ताक्षरातील मानल्या जाणाऱ्या वहीत विसाव्या शतकाच्या प्रारंभी सु. ७०० अभंग होते. शतकाच्या अखेरीस त्यांपैकी सु. २५० च उरल्याचे दिलीप चित्रे यांनी नमूद केले आहे.

राष्ट्रीय धोरणाचा विकास : १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाने पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांचा समावेश संरक्षित वस्तूंत केला. राष्ट्रीय पांडुलिपी अभियान फेब्रुवारी २००३ मध्ये सुरू झाले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन करण्याचे अभियान घोषित झाले. या कार्याच्या तांत्रिक अंगात पुण्याचा वाटा मोठा आहे. तेथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही संगणक प्रणाली तयार केली व तिच्या आधारे २०१४ मध्ये दहा संग्रहालयांचे राष्ट्रीय संकेतस्थळ उभे राहिले. याच केंद्रात २०११ मध्ये अंकीय जतनाचे उत्कृष्टता केंद्रही स्थापन झाले. अध्ययनसाधनांच्या क्षेत्रात मुक्त शैक्षणिक साधनांचे राष्ट्रीय भांडार (२०१३), पाठ्यपुस्तकांना पूरक साहित्य पुरविणारे ‘दीक्षा’ (२०१७) व राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय (२०१८) ही प्रमुख पावले होत. मराठी विश्वकोशही २०११ पासून महाजालावर उपलब्ध आहे.

अडचणी : प्रतिमा घेणे म्हणजे वाचनीय करणे नव्हे. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती. तथापि युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत तिला २०१४ मध्येच स्थान मिळाले. मोडीचे जाणकार थोडे असल्याने लिप्यंतराविना या प्रतिमा सामान्य वाचकास व विद्यार्थ्यास मुक्याच राहतात. दुसरी अडचण हक्कांची. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. या कारणावरून ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हे लाखो ग्रंथांचे संकेतस्थळ २०१७ मध्ये बंद पडले. तिसरी अडचण मालकीची. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम केंद्र शासनाच्या कार्यालयांना व उपक्रमांना लागू आहे. त्यामुळे पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (स्थापना १९५४) या केंद्रीय उपक्रमाचे अभिलेख त्याच्या कक्षेत येतात; शेजारच्या खाजगी कारखान्यांचे, कामगार संघटनांचे व घराण्यांचे कागद येत नाहीत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) या पट्ट्याचे रूप झपाट्याने पालटले. पिंपरी-चिंचवड येथे १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, तर एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी चाकण हे वाहन उद्योगाचे मोठे केंद्र बनले. गावांचे नगर कसे झाले, जमिनी कोणाच्या गेल्या व कामगार कोठून आले, हा इतिहास प्रामुख्याने अशाच असंरक्षित कागदांत व वृद्धांच्या आठवणींत आहे.

मूल्यमापन : राष्ट्रीय धोरणाचा भर आजवर मुख्यतः संस्थांच्या संग्रहांवर राहिला. जे कपाटात नोंदलेले होते, ते पडद्यावर आले; जे देवघरात, माळ्यावर किंवा कारखान्याच्या दप्तरात होते, ते बहुधा बाहेरच राहिले. गाथेचा इतिहास याबाबत उद्बोधक आहे. संताजींनी लिहून घेतले, पंडितांनी ताडून छापले, आणि आज संगणकीय प्रत घरोघरी पोहोचते; परंतु प्रत्येक टप्प्यावर प्रत कशावरून केली, पाठ कोणता व मूळ कोठे आहे, या नोंदींवरच तिची विश्वसनीयता ठरते. मूळ साधनाचे रक्षण, मोडीचे लिप्यंतर, हक्कांची निश्चिती व स्थानिक नोंद यांची जोड मिळाली, तरच अंकीय प्रत अभ्यासाचे साधन ठरते; अन्यथा मूळ नष्ट झाल्यानंतर मागे राहणारे ते केवळ चित्र होय.