वराह ज्वर : डुकराची प्रतिकारशक्ती व लसीकरण

वराह ज्वर हा पाळीव आणि रानटी डुकरांना होणारा अतिशय संसर्गजन्य विषाणुरोग आहे. स्वाइन फिव्हर आणि हॉग कॉलरा ही त्याचीच नावे. तो माणसाला होत नाही. २००९ साली पुण्यात घबराट उडवणारा स्वाइन फ्लू हा इन्फ्ल्यूएंझाचा आजार होता. तो माणसाकडून माणसाला होत होता आणि या रोगाशी त्याचा संबंध नाही. भारतात वराह ज्वराची पहिली नोंद १९६२ साली अलीगढ येथे झाली. त्यानंतर हा रोग देशात कायमचा मुक्कामाला राहिला. ईशान्येकडील राज्यांत, जिथे डुक्कर हे घरोघरचे धन आहे, तिथे त्याने सर्वाधिक नुकसान केले आहे.

कोल्हापूर जिल्हा मात्र दूधदुभत्याचा. गायी-म्हशींच्या लसीकरणाची घडी इथे चांगली बसली आहे : गावोगावच्या दूध संस्था, गुरांचे दवाखाने, कानातला बारा आकडी बिल्ला आणि त्यावरची नोंद. डुक्कर या घडीच्या बाहेर राहिले. काही कैकाडी व वडार कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली डुकरे, शहरांच्या कडेला उकिरड्यावर जगणारी मोकाट डुकरे आणि राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड भागांत रात्री उसात-भातात उतरणारी रानडुकरे, असे इथे डुकरांचे तीन कळप आहेत. विषाणू त्यांच्यात भेद करत नाही. लस मात्र पोहोचलीच तर फक्त पहिल्या कळपापर्यंत पोहोचते. डुकराचे शरीर विषाणूशी लढायला कमी पडते असे नाही. कमी पडते ते लस वेळेवर पोहोचणे, आणि ही वेळ कोणती हे त्या जनावराच्या शरीररचनेवर ठरते.

पिल्लाची पहिली ढाल. डुकरीण सुमारे ११४ दिवस गाभण असते. तिच्या वारेत आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे सहा थर असतात. त्यातून प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. माणसाचे मूल आईची प्रतिपिंडे रक्तात घेऊन जन्मते. डुकराचे पिल्लू मात्र रिकाम्या हाताने येते. त्याला जे मिळायचे ते चिकातून. पहिल्या चोवीस ते छत्तीस तासांत पिल्लाचे आतडे चिकातली प्रतिपिंडे अखंड शोषून रक्तात सोडू शकते. नंतर ते दार बंद होते. दहा-बारा पिल्लांच्या वेतात जे अशक्त असते, ज्याला सड मिळत नाही, ते इथेच मागे पडते. पुढच्या दुधातली प्रतिपिंडे रक्तात जात नाहीत; ती आतड्याच्या अस्तरावरच राखण करतात.

चिकातून आलेली ही प्रतिपिंडे उसनी असतात. साधारण दर दोन आठवड्यांनी त्यांचे प्रमाण निम्म्यावर येते. जोवर ती पुरेशी आहेत तोवर पिल्लू सुरक्षित असते, पण तीच प्रतिपिंडे लसीतल्या जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूलाही निकामी करतात. त्यामुळे लस टोचलेल्या डुकरिणीच्या पिल्लाला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लस दिली तर ती वाया जाते. फार उशीर केला तर मधल्या काळात पिल्लू उघडे पडते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांचे वय हा प्रचलित मध्य आहे. ज्या कळपात रोग सतत फिरत असतो तिथे काही देशांत जन्मताच, चीक पाजण्याच्या आधी लस टोचतात आणि मग तासाभराने पिल्लू आईकडे सोडतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, पण रात्री-अपरात्री विणाऱ्या प्रत्येक डुकरिणीजवळ माणूस जागा लागतो. मोकळ्यावर विणाऱ्या डुकरिणीच्या बाबतीत तर सहा आठवड्यांचे वय तरी कोण मोजणार, हा खरा प्रश्न आहे.

डुकराच्या प्रतिकारयंत्रणेत आणखीही वेगळेपणा आहे. त्याच्या लसिका ग्रंथींची रचना इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या उलटी असते : बाहेरच्या बाजूला असणारे पेशीपुंज आत असतात, आणि लिम्फोसाइट पेशी लसिकावाहिनीऐवजी थेट रक्तात बाहेर पडतात. कोवळ्या डुकराच्या रक्तात गॅमा-डेल्टा नावाच्या टी पेशींचे प्रमाण माणसापेक्षा कितीतरी अधिक असते. एकदा विषाणू पाहिलेल्या साहाय्यक टी पेशींवर सीडी-४ आणि सीडी-८ या दोन्ही खुणा एकत्र सापडतात, हेही डुकराचे वैशिष्ट्य मानले जाते.

संसर्ग. वराह ज्वराचा विषाणू पेस्टिव्हायरस गटातला, आरएनए असलेला. गायी-म्हशींच्या विषाणुजन्य अतिसाराचा विषाणू आणि मेंढ्यांच्या बॉर्डर डिसीजचा विषाणू हे त्याचे सख्खे भाऊबंद. तो तोंडानाकावाटे शिरतो, टॉन्सिलमध्ये वाढतो आणि तिथून लसिका ग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा गाठतो. त्याचा रोख असतो मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशींवर, म्हणजे ज्यांनी पहिली आरोळी द्यायची त्या पहारेकऱ्यांवरच. एनप्रो नावाचे त्याचे प्रथिन पेशीतला आयआरएफ-३ हा संदेशवाहक मोडून टाकते, त्यामुळे बाधित पेशीला इंटरफेरॉन तयार करता येत नाही. त्याच वेळी प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी रक्तात भरमसाट इंटरफेरॉन ओततात आणि विषाणू न शिरलेल्या लिम्फोसाइट पेशीही मोठ्या संख्येने मरतात. पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका घटतात. ताप चढतो, डोळे चिकटतात, चाल लटपटते, कानांवर आणि पोटावर जांभळे डाग उमटतात. जनावर अनेकदा प्रतिपिंडे तयार होण्याआधीच दगावते. जे वाचते त्याच्या रक्तात विषाणूच्या ई-२ प्रथिनाविरुद्ध निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतात, आणि ती दीर्घकाळ टिकतात.

सगळ्यात घातक प्रकार बाहेरून दिसत नाही. गाभण काळाच्या पूर्वार्धात विषाणू गर्भात शिरला तर त्या वेळी गर्भाची प्रतिकारयंत्रणा अजून आपले-परके शिकत असते. ती विषाणूला आपलाच समजते. असे पिल्लू जन्मते तेव्हा निरोगी वाटते. त्याच्या रक्तात प्रतिपिंड नसते, विषाणू मात्र भरपूर असतो, आणि ते काही महिने तो पसरवत राहते. त्याला लस देऊन काही साधत नाही. कळपात रोग पुन्हापुन्हा का उठतो याचे उत्तर अनेकदा अशा एका पिल्लात असते. म्हणूनच डुकरीण फळवण्याआधीच तिला लस मिळालेली असावी.

लसी. ससा हे या विषाणूचे नैसर्गिक घर नाही. सशात वारंवार वाढवत नेल्याने तो डुकरासाठी दुबळा झाला, पण त्याची ओळख पटवण्याजोगी राहिली. चीनमध्ये अशा प्रकारे तयार झालेली सी-स्ट्रेन ही पशुवैद्यकातील अत्यंत यशस्वी लसींपैकी एक. ती टोचल्यावर चार-पाच दिवसांतच संरक्षण मिळते, म्हणजे प्रतिपिंडे दिसण्याच्याही आधी. या लवकरच्या संरक्षणाचे श्रेय इंटरफेरॉन-गॅमा स्रवणाऱ्या टी पेशींना दिले जाते. केवळ रक्तातली प्रतिपिंडे मोजून लसीचा कस ठरवू नये, असे सांगणारा हा पुरावा आहे.

भारतात १९६४ पासून वेब्रिज स्ट्रेनची ससालस वापरली गेली. तिच्यासाठी सशांचा बळी द्यावा लागे आणि एका सशाच्या प्लीहेतून सुमारे ५० मात्राच निघत. देशाची गरज वर्षाला सुमारे दोन कोटी वीस लाख मात्रांची असताना उत्पादन जेमतेम बारा लाखांच्या घरात राहिले. ही तफावत अर्धशतक चालली, आणि तिची किंमत लहान वराहपालकांनी मोजली. बरेली जिल्ह्यातील इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने देशी विषाणूपासून पेशीसंवर्धनावर वाढवलेली लस तयार केली. ती फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झाली. ससालसीची मात्रा १५ ते २५ रुपयांना पडत होती, नव्या लसीची दोन रुपयांहून कमी. सशाची गरज संपली, हे या कामाचे मोठे यश आहे.

दुधाच्या जिल्ह्यात रक्ततपासणी वाचताना एक काळजी घ्यावी लागते. गोठ्याजवळ वावरणाऱ्या डुकराला गायी-म्हशींच्या अतिसाराचा विषाणू लागू शकतो. तो डुकराला सहसा आजारी पाडत नाही, पण त्याची प्रतिपिंडे साध्या चाचणीत वराह ज्वराची म्हणून उमटतात. दोन्ही विषाणूंविरुद्ध तुलनात्मक चाचणी केल्याशिवाय निदान पक्के मानू नये.

इतर विषाणू. लाळ्या-खुरकूत झालेले डुक्कर श्वासातून गायीपेक्षा हजारो पटींनी अधिक विषाणू सोडू शकते. मात्र गायी-म्हशींसारखे ते दीर्घकाळ वाहक राहत नाही. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरा येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत लसीकरणासाठी डुकरांचाही समावेश केलेला आहे. गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीला बैल येतात, त्यांच्या लसीकरणाची चर्चा दरवर्षी होते. फडाच्या कडेच्या डुकरांचीही व्हायला हवी.

जपानी मेंदूज्वरात डुक्कर स्वतः फारसे आजारी पडत नाही, पण दोन-चार दिवस त्याच्या रक्तात इतका विषाणू असतो की चावणारे क्युलेक्स डास बाधित होतात. नंतर प्रतिपिंडे येतात आणि ते डुक्कर निरुपद्रवी होते. दर पावसाळ्यात नवी, अननुभवी पिल्ले मात्र तयारच असतात. इथे माणसांना लस देणे अधिक उपयोगी ठरते. भारत बायोटेकची जेनव्हॅक ही त्यासाठीची लस पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने कोलार येथील रुग्णापासून वेगळ्या केलेल्या विषाणूवर आधारलेली आहे.

आफ्रिकन वराह ज्वर नावाने जवळचा, पण विषाणू पूर्ण निराळा, डीएनए असलेला. २०२० मध्ये तो आसाम व अरुणाचल प्रदेशात आणि २०२२ मध्ये केरळच्या वायनाडमध्ये आढळला. डुकराची प्रतिपिंडे त्याला नीट निष्प्रभ करू शकत नाहीत आणि वराह ज्वराची लस त्यावर चालत नाही. बाधित ठिकाणाभोवती एक किलोमीटरच्या परिघातील डुकरे नष्ट करणे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी ठेवणे, हा भारतात ठरलेला मार्ग आहे.

दोन्ही ज्वरांत बाहेरची लक्षणे इतकी सारखी असतात की डोळ्यांनी फरक करता येत नाही. एकाएकी डुकरे मरू लागली तर मृत जनावर ओढ्यात किंवा उसाच्या फडात न टाकता गुरांच्या दवाखान्यात कळवावे. टॉन्सिल, प्लीहा आणि लसिका ग्रंथींचे नमुने बर्फात पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे जातात. आफ्रिकन वराह ज्वराचा संशय असल्यास अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.